वस्तीची आरोग्यवही



आमच्या वऱ्हाडात झोपडपट्टीत कुणी वही-पेन्सिल घेऊन शिरला, की घराघरांतून एकच शंका डोकावते : हा माणूस रेशनकार्ड तपासायला आला, की झोपड्या पाडण्याची यादी करायला? माझा संबंध जिनिंग-प्रेसिंगचे मजूर, बाजारातले हमाल आणि सफाई कामगार यांच्या संघटनेशी. यांतले बहुतेक अशाच वस्त्यांत राहतात. अकोल्याच्या एका वस्तीत तापाचे रोगी किती आहेत हे विचारीत मी हिंडत होतो. तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने मला अडविले आणि म्हणाली, "भाऊ, मांगच्या खेपेलेबी लिवून नेलं होतं. त्याचं मंग काय झालं?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. वस्तीच्या आरोग्याची माहिती कोणी गोळा करावी, ती कोठे राहावी आणि तिच्यावरून कोणी काय करावे, हा आजचा विषय त्या बाईनेच मला दिला असे समजा.

आपण म्हणाल, माहितीचा तुटवडा कोठे आहे? जन्ममृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून आता जिल्ह्याजिल्ह्याचे आकडे मिळतात. दवाखाने दर महिन्याला अहवाल धाडतात. हे सारे खरे आहे. पण मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. अकोल्याच्या रुळांकडेची बाळंतीण नागपूरच्या रुग्णालयात दगावली तर ती नागपूरच्या वहीत जाते; तिच्या शेजारणींना ती कशाने गेली हे कळतही नाही. आणि शहराचा आकडा म्हणजे सरासरी. अमरावतीच्या कँपातला बंगला आणि नाल्याकाठची झोपडी यांची बेरीज करून दोहोंनी भागले, तर जे घर निघते तसे घर गावात कोठेच नसते. औषध मात्र त्या नसलेल्या घराला दिले जाते.

दवाखान्याच्या वहीचीही एक अडचण आहे. तीत जो आला त्याची नोंद होते. रोजी बुडते म्हणून जो आलाच नाही, तो तिच्या हिशेबी निरोगी. शिवाय शंभर रोगी आले म्हणजे किती लोकांतून आले, हे ठाऊक नसेल तर शंभर हा आकडा मुका राहतो. भागाकाराला खालचा आकडा लागतो, आणि तो वस्तीतच मोजावा लागतो.

रोगाचा माग शेजाऱ्याला अधिक लागतो, याचा एक जुना दाखला सांगतो. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीट भागात पटकी पसरली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यूंची घरे शोधून दोष एका सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर ठेवला, हे पुष्कळांनी वाचलेले असते. पण तेथल्या हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याचे नाव फारसे कुणी घेत नाही. त्याला स्नोंचे म्हणणे पटले नव्हते. ते खोटे ठरवावे म्हणूनच तो घरोघर फिरला. त्या गल्लीतल्या माणसांना तो नावानिशी ओळखत होता, कोण घर सोडून गेले तेही त्याला ठाऊक होते. फिरता फिरता त्याचेच मत पालटले, आणि पंपाला लागून असलेल्या घरात आधी आजारी पडलेल्या एका तान्ह्या मुलीचा पत्ता त्यालाच लागला. तिचे बाळोते धुतलेले पाणी ज्या हौदात जात होते, तो पंपाच्या विहिरीशेजारीच पाझरत होता. डॉक्टरांच्या तर्कात राहिलेला दुवा ओळखीच्या माणसाने जोडला.

आम्हा कामगारांच्या चळवळीत याची दुसरी आवृत्ती आहे. इटलीत तुरीन शहरी मोटारीच्या कारखान्यांत १९६० च्या दशकात कामगारांनी आपल्या खात्यातले धोके स्वतः मांडायला सुरुवात केली. ईवार ओद्दोने नावाचे डॉक्टर त्यांच्या सोबत होते. एका खात्यात एकत्र राबणाऱ्या माणसांनी बसावे, धूळ कोठे, आवाज कोठे, दम कोठे लागतो हे नकाशावर काढावे, आणि बाहेरच्या तज्ज्ञाचा निष्कर्ष त्या गटाने तपासल्याशिवाय मान्य करू नये, अशी त्यांची रीत होती. आमच्याकडे कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा जो विकार होतो त्याची सुरुवातीची खूण अशी, की सुटीनंतर कामावर आल्या दिवशी छाती आवळते, पुढे दोन दिवसांनी बरे वाटते. बुधवारी केलेल्या तपासणीत ती सापडेलच असे नाही; पण विचारले तर कामगार सांगतो.

आता आपल्या राज्याकडे येऊ. मुंबईत १९८५ साली पदपथावर राहणाऱ्यांच्या झोपड्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकालात निघाला. पदपथवासी म्हणजे आज येथे, उद्या तेथे, असा समज होता. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने पदपथावरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. ही माणसे कोण, कोठून आली, किती वर्षे येथे आहेत, काय कामे करतात, हे त्यातून प्रथमच कागदावर आले. पुढे झोपडीवासीयांच्या संघटनेने आणि 'महिला मिलन'च्या बायांनी आपली मोजणी आपण करण्याची हीच रीत उचलली. यादीची भीती असलेल्या माणसांनी यादीच आपल्या हाती घेतली. शिवाय आपली यादी तयार असली, म्हणजे साहेबाच्या यादीत कोण गळले ते दाखविता येते.

बालमृत्यूंच्या बाबतीतही असेच घडले. आमच्या जिल्ह्यातले मेळघाट १९९३ च्या सुमारास बालमृत्यूंमुळे देशभर गाजले. नंतर महाराष्ट्रातल्या तेरा संस्थांनी खेड्यांत, आदिवासी पाड्यांत आणि काही शहरी झोपडपट्ट्यांत घरोघर जाऊन मुलांचे मृत्यू मोजले. डॉक्टर अभय बंग व राणी बंग यांची गडचिरोलीची 'सर्च' संस्था यात पुढे होती. २००१ साली 'कोवळी पानगळ' या नावाने तो अहवाल निघाला, आणि सरकारी नोंदीपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक आहेत हे दिसले. सरकारलाही पुढे बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली.

२००७ साली राज्यात आरोग्यसेवांवर लोकांनी देखरेख ठेवण्याचा प्रयोग पाच जिल्ह्यांत सुरू झाला. त्यांत अमरावती एक होता. राज्यभराचा मेळ पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होता. परिचारिका गावात येते का, औषध मिळते का, दवाखान्यात पैसे मागतात का, हे गावकरी विचारीत आणि गावाचे प्रगतिपत्रक हिरव्या, पिवळ्या व लाल रंगांत भरीत. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही लाल रंग कळतो! मग जनसुनवाईत अधिकारी समोर बसत आणि लोक ते पत्रक त्यांच्यापुढे मांडीत. हा प्रयोग मुख्यतः खेड्यांचा होता. शहरातल्या वस्तीला पंचायतही नसते आणि ग्रामसभाही नसते, म्हणून तेथे हे काम अधिक कठीण.

ते कसे करावे, हे एकाच रोगावरून सांगतो. डेंग्यू घ्या. त्याचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि जन्मला तेथून फार लांब जात नाही. अंड्यापासून डास होण्यास आठदहा दिवस पुरतात. म्हणजे रोगाचे मूळ बहुधा त्याच गल्लीत असते आणि आठवड्याला एकदा पाहिले तर हाती लागते. पाहायला डॉक्टर नको. बॅटरी घेतलेली बाई आणि शाळेतला मुलगा पुरे. पाण्यावर प्रकाश टाकला की वळवळणाऱ्या अळ्या दिसतात.

समजा, वस्तीत ऐंशी घरे पाहिली आणि वीस घरांत अळ्या निघाल्या. म्हणजे शंभरात पंचवीस घरे. हा झाला घरांचा निर्देशांक. आरोग्यखातेही हाच काढते. अळ्या असलेली भांडी बत्तीस निघाली, तर शंभर घरांमागे चाळीस भांडी. खात्याचा हिशेब बहुधा येथे संपतो आणि वस्तीला निरोप येतो : स्वच्छता राखा, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.

वस्तीच्या वहीने येथून पुढे जावे. ती बत्तीस भांडी कोणती? समजा, बहुतेक प्लॅस्टिकचे ड्रम निघाले. अकोल्याला पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, अमरावतीला सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून. पण धरणात पाणी असले तरी वस्तीचा नळ रोज येईल असा भरवसा नाही. नळ आला की घरातली कळशीसुद्धा भरून ठेवतात. ज्या बाईने रात्री जागून ड्रम भरला, तिला तो शनिवारी ओतून दे म्हणून सांगणारा शहाणा कोण? तिच्यासाठी उपाय निराळे : ड्रमवर घट्ट बांधलेले कापड, नळाचे ठरलेले वेळापत्रक, आणि नळ यायच्या दिवशीच ड्रम घासणे. घासणे यासाठी, की या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनेच्या महिने टिकतात. नुसते पाणी ओतून ती जात नाहीत. मोठा हौद असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत.

अळ्या ड्रमऐवजी कूलरच्या टाकीत निघाल्या तर? आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर चैनीचा राहिलेला नाही. पाऊस पडून हवा गार झाली की तो बंद होतो आणि तळचे पाणी तसेच राहते. असे कूलर वस्तीत थोडे असतील. जवळच्या कॉलनीत पुष्कळ असतात, आणि डासाला कुंपण कळत नाही. टायरांत निघाल्या तर पंक्चरवाल्याशी बोलावे लागेल. निर्देशांक तिन्ही ठिकाणी पंचवीसच, पण एके ठिकाणी पाणीपुरवठा खाते जबाबदार, दुसरीकडे बंगलेवाले आणि तिसरीकडे दुकानदार. "ते लोक घाणीत राहतात" हे वाक्य मी या शहरांत इतक्यांदा ऐकले आहे, की त्याला भांड्यांची यादी हेच एक उत्तर मला सुचते.

संत गाडगेबाबा आमच्याच अमरावती जिल्ह्यातले. ते आधी गाव झाडीत आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. वस्तीच्या वहीची बैठक तशी व्हावी. रविवारी भरलेली पाने सोमवारी साहेबाकडे न धाडता आधी वस्तीत मोठ्याने वाचावीत. "आपल्या गल्लीत ड्रमांत अळ्या का?" असे विचारले की कारणे बाया आपोआप सांगतात, आणि चुकीचे लिहिले गेले असेल तर तेथल्या तेथे दुरुस्त होते. मूळ वही वस्तीत राहावी; वर जाईल ती नक्कल. त्या म्हातारीच्या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मला अजून सापडलेले नाही.

यासाठी नवी संस्था काढण्याची गरज नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती आणि तिला वर्षाला पाच हजार रुपये अशी तरतूद केलेली आहे. सोबतीला आशा असते. रक्कम चिमूटभर आहे हे मी मान्य करतो. पण ड्रमांची कापडे आणि चार बॅटऱ्या तीत बसतात. अघोषित वस्त्याही या योजनेत धरल्या आहेत, मात्र अशी वस्ती आहे हे दाखवायला कुणीतरी घरे मोजून न्यावी लागतात.

दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली लहान आकड्यांची. ऐंशी घरांत गेल्या वर्षी एक मूल दगावले आणि यंदा दोन, तर "मृत्यू दुप्पट झाले" अशी ओरड करू नये. इतक्या थोड्या घरांत योगायोगानेही तसे होते. तेथे दर काढण्यापेक्षा ते मूल कसे गेले, कोणत्या दिवशी दवाखान्यात न्यायचे राहिले, रिक्षाला पैसे होते का, हे लिहिणे अधिक कामाचे. दर काढायचा तो अनेक वस्त्यांच्या वह्या एकत्र करून.

दुसरी सावधगिरी अधिक कडक. वही मोठ्याने वाचायची, म्हणून तीत काय लिहायचे नाही हे आधी ठरवावे. एचआयव्ही, क्षय, कुष्ठ, गर्भपात यांच्यापुढे नाव नको. एचआयव्हीबाबत तर २०१७ चा कायदाच संमतीवाचून नाव फोडण्यास मनाई करतो. क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणे डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे. ते काम त्यांचे आहे, गल्लीचे नव्हे. अमरावतीला डॉक्टर शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन का उभारले हे आपण जाणता. रोगाने शरीर झिजण्याआधी शेजाऱ्यांनी त्या माणसांना घराबाहेर काढले होते. वस्तीच्या वहीने पुन्हा तसे करायचे असेल तर ती फाडलेली बरी.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. आपली व्याख्यानमाला संपते तेव्हा मृग नक्षत्र जवळ आलेले असते. ते ७ जूनच्या सुमारास लागते. भांड्यांची पहिली फेरी त्याआधी व्हावी, कूलर अजून चालू असतानाच. दुसरी फेरी पाऊस लागल्यावर, तीच घरे त्याच क्रमाने धरून, म्हणजे दोन पाने शेजारी ठेवून ताडता येतील. कॉलनीतल्या ज्या श्रोत्यांना आपल्या घरचा कूलर या मोजणीत यावा असे वाटत असेल, त्यांनी दार उघडे ठेवावे. वस्तीच्या बाया बॅटरी घेऊन तेथेही येतील.