पुठ्ठ्याची मेमरी

१९८३ साली अमेरिकेत 'टीआरएस-८० मॉडेल १००' हा कॉम्प्युटर बाजारात आला. आकार वहीएवढा, वजन जेमतेम दीड किलो आणि खुराक चार पेन्सिल सेलचा. बातमीदारांची त्यावर भलतीच मर्जी. गावोगाव हिंडत बातमी टाइप करायची आणि टेलिफोनच्या तारेवरून कचेरीत धाडायची! अडचण एकच, मूळ मेमरी ८ केबी. वाढवायची तर खोका उघडून आणखी ८-८ केबीचे तुकडे बसवायचे. तीन बसले की ३२ केबी, आणि तिथे गाडी थांबली.

सोलापूरच्या पूर्व भागात मेमरीचा हा खटाटोप नवा नाही. तिथल्या यंत्राची मेमरी त्याच्या डोक्यावर टांगलेली असते, आणि ती पुठ्ठ्याची असते.

जेकार्ड चादरीचा माग चालू असताना मान वर करून पाहावं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या दोरीने एकमेकींना शिवून त्यांची माळ केलेली असते. चौकोनी लाकडी रूळ पाव फेरा घेतो, एक पट्टी सुयांवर दाबली जाते. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक उभा राहतो आणि ताण्याचा धागा उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हूक निसटतो, धागा खालीच राहतो. मधून धोटा जातो. पुढची पट्टी. म्हणजे बाण्याच्या प्रत्येक धाग्यामागे एक पट्टी. मोराच्या पिसाऱ्याला किती लागत असतील, याचा अंदाज करा.

आता थोडा हिशेब. ४०० हुकांचं जेकार्ड धरलं तर एका पट्टीवर ४०० जागा; भोक आहे किंवा नाही, म्हणजे ४०० बिट. त्या अमेरिकन कॉम्प्युटरच्या ८ केबीत अशा १६३ पट्ट्या मावतील. मेमरी वाढवून ३२ केबी केली, तरी जेमतेम ६५५. हजार पट्ट्यांची नक्षी त्याच्या पोटात शिरलीच नसती.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. फ्रान्समधल्या लिआँच्या जोसेफ मारी जाकारने १८०४ मध्ये हे जेकार्ड यंत्र घडवलं. ते पाहूनच चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी भोकांचे पुठ्ठे योजले. जाकारचं रेशमात विणलेलं एक चित्र त्याने जपून ठेवलं होतं. त्या चित्राला सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. पुढे हर्मन हॉलरिथने १८९० च्या अमेरिकन जनगणनेत पंच कार्डं वापरली. कॉम्प्युटरच्या घराण्यात माग हा आजोबा आहे, पाहुणा नव्हे.

या पुठ्ठ्याचे नखरेही कमी नाहीत. दमट हवेत तो फुगतो, भोकं झिजतात. एक भोक चुकीच्या जागी पडलं, तर नक्षी जितक्या वेळा येईल तितक्या वेळा तीच चूक कापडात उतरते. पण ती दिसते, हे महत्त्वाचं. पट्टी शोधायची, नको असलेल्या भोकावर कागद चिकटवायचा, हवं ते नव्याने पाडायचं. मेमरीची दुरुस्ती डिंकाने होते, असं दुसरं यंत्र सांगा!

योगायोग असा, की १९८३ मध्येच मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडलं. हुकांना विद्युतचुंबक, आणि नक्षीची फाइल आधी फ्लॉपीवर, नंतर पेन ड्राइव्हवर. माळ उतरवून दुसरी चढवण्यात जाणारा वेळ वाचला, पट्ट्यांचे गठ्ठे ठेवायची जागा वाचली. मागावर बसतं ते हे नवं डोकं. खाली ताणा-बाणा तोच.

तरीही सगळ्यांनी पुठ्ठा टाकून द्यावा, इतका सोपा हा मामला नाही. वर्षानुवर्षं तीच चार नक्षीकामं विणणाऱ्या छोट्या कारखानदाराला वेळ वाचवून करायचं काय? रोज नवी नक्षी मागणारं गिऱ्हाईक असेल, तरच या नव्या डोक्याचा खर्च अंगी लागतो. बाकीच्यांसाठी पुठ्ठा पुरेसा आहे.

२००५ मध्ये सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. सोलापुरात चादर घ्यायला गेलात, तर दुकानातूनच परत फिरू नका. ओळख काढून एखाद्या कारखान्यात जा. कानात खडखडाट भरेल, बोलणं ऐकू येणार नाही. तेव्हा नुसतं वर बघा.