दोनशे वर्षं तरंगणारा साग

मुलांनो, इंग्लंडमधल्या हार्टलपूल गावी ‘ट्रिंकोमाली’ नावाचं एक लाकडी लढाऊ जहाज आहे. १८१७ साली ते पाण्यात उतरलं आणि आजही तरंगतंय! ते बांधलं कुठे, माहीत आहे? आपल्या मुंबईत!

बांधणारे होते वाडिया. या घराण्यातले लवजी नसरवानजी हे जहाजं बांधणारे कसबी सुतार. १७३६ साली ते सुरतेहून मुंबईला आले. १७५० साली इथे दगडी कोरडी गोदी उभी राहिली. भरतीला जहाज या गोदीत घ्यायचं, दार बंद करायचं आणि पाणी बाहेर काढायचं. मग जहाजाचा तळ उघडा पडतो आणि सुतार खाली उभे राहून दुरुस्ती करतात. काम झालं की पाणी आत सोडायचं, जहाज आपोआप तरंगू लागतं!

पण लाकूड इतकी वर्षं टिकलं कसं? ती करामत मलबारच्या सागाची. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यामुळे तो सहजासहजी कुजत नाही आणि लाकूड पोखरणारे समुद्री जीव सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. इंग्लंडमध्ये जहाजं ओक लाकडाची बांधत. ओकमधल्या आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागात तो त्रास नाही.

‘ट्रिंकोमाली’चे आराखडे इंग्लंडहून ‘जावा’ या जहाजातून निघाले होते. १८१२ साली अमेरिकी युद्धनौकेने ‘जावा’ला हरवलं आणि आराखडे गेले! ते पुन्हा पाठवावे लागले. मग लवजींचे नातू जमशेटजी बमनजी कामाला लागले. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या तळाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला. त्याआधी, १८१० साली, जमशेटजींनी ७४ तोफांची ‘मिंडेन’ बांधली होती. ब्रिटिश नौदलाची एवढी मोठी युद्धनौका ब्रिटनबाहेर बांधली जाण्याची ती पहिलीच वेळ.

बाप मुलाला शिकवी, मुलगा नातवाला. असं सुमारे दीडशे वर्षं चाललं. याच घराण्यातल्या अर्देशीर करसेटजींनी १८३४ साली माझगावच्या आपल्या घरात गॅसचे दिवे लावले. १८४१ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, हा मान मिळवणारे पहिले भारतीय!

तेव्हा घरी सुतारकाका आले की नुसतं बघत बसू नका. हे लाकूड कोणतं, इथे हेच का वापरलं, असं त्यांना जरूर विचारा. त्यांच्याकडे पुस्तकात न सापडणारं पुष्कळ विज्ञान असतं.