पाच लाखांचं कार्ड आणि रोजची गोळी

बदनापूरचा हृदयरुग्ण जालना किंवा छत्रपती संभाजीनगरहून अँजिओप्लास्टी करून घरी येतो, तेव्हा महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे त्याचं मोठं बिल बहुधा टळलेलं असतं. औषधांचा खर्च मात्र त्यानंतर सुरू होतो आणि तो दरमहा असतो. पहिला गैरसमज इथलाच : कुटुंबाला पाच लाखांचं संरक्षण आहे, म्हणजे रोजच्या गोळ्याही त्यातच आल्या. वस्तुस्थिती अशी, की ही योजना दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. सुट्टीनंतरची औषधं ठरावीक दिवसांपुरतीच मिळतात. मुख्यमंत्री सहायता निधीची मदतही रुग्णालयातल्या उपचारांसाठी असते, मेडिकलच्या दरमहा बिलासाठी नव्हे. म्हणून अर्जांमागे धावण्याआधी डॉक्टरांची चिठ्ठी नीट पाहावी. खरी बचत तिथेच आहे.

दुसरा गैरसमज म्हणजे स्वस्त औषध कमी ताकदीचं असतं. तुरीचं बीडीएन ७११ हे बदनापूरच्याच कृषी संशोधन केंद्राचं वाण. बियाण्याची पिशवी कोणत्याही कंपनीची असो, शेतकरी आधी वाण विचारतो. औषधाचं मूळ नाव हे त्याचं वाण आणि ब्रँड ही पिशवी. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांना देतात. त्याचं पेटंट भारतात जानेवारी २०२३मध्ये संपलं, अनेक कंपन्या ते बनवू लागल्या आणि भाव उतरले. यावर आक्षेप असा, की पिशवीत बोगस बियाणंही निघतं. खरं आहे, पण औषध प्रशासनाच्या अप्रमाणित नमुन्यांच्या यादीत ब्रँडेड औषधंही सापडतात. मूळ नावाने स्वस्त औषधं विकणाऱ्या जनऔषधी केंद्रांच्या मालाची प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासली जाते. वॉरफरिनसारख्या नाजूक मात्रेच्या औषधाची कंपनी मात्र डॉक्टरांना न विचारता बदलू नये.

तिसरा गैरसमज, की दुकानदार स्वतःच स्वस्त गोळी देईल. चिठ्ठीवर ब्रँड लिहिला असेल, तर त्यातला घटक तोच असला तरी दुसरी गोळी देण्याची कायद्याने त्याला मुभा नाही. म्हणून तपासणीच्या वेळीच डॉक्टरांना म्हणावं, 'औषधाचं मूळ नाव लिहून द्या.' हा उद्धटपणा नव्हे. डॉक्टरांनी मूळ नाव सुवाच्य अक्षरात लिहावं, असं त्यांची आचारसंहिताच २०१६पासून सांगते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून उपचार मोफत आहेत. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या आधी तिथे विचाराव्यात. साठा संपलेला असतो, ही तक्रार खोटी नाही. पण त्यामुळे न मिळालेली एकदोन औषधं विकत घेणं वेगळं आणि सगळी चिठ्ठी विकत घेणं वेगळं. परवडत नाही हे लाजेपोटी लपवून स्टेंटनंतरची गोळी मधेच बंद केली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. तेव्हा पैशांची अडचणही छातीतल्या दुखण्याइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांगावी.