विमानाचा इंजिनिअर व्हायचे तर

दहावीचा निकाल लागला की आमच्या नंदुरबारच्या कॉलेजात मुले चौकशीला येतात. गेल्या वर्षी धडगावकडचा एक मुलगा वडिलांबरोबर आला. म्हणाला, "सर, मला विमानं बनवायची आहेत. पण गणित सोडलं तर चालेल ना?" त्याला जे सांगितले, तेच आपल्यापुढे ठेवतो.

गणित सोडून चालणार नाही. का, ते पाहा. पंखांवरून हवा वाहते आणि विमान उचलले जाते. बाकी सारे तसेच ठेवून वेग दुप्पट केला, तर ही उचलणारी शक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. मग पंख किती लांब, किती मजबूत आणि तरीही किती हलका, हे अंदाजाने कसे ठरवणार? बैलगाडीचे चाक मोडले तर गाडी रस्त्यात थांबते. विमानाला आकाशात थांबता येत नाही, बरं का!

तेव्हा अकरावीला विज्ञान शाखा, आणि तीत गणित, भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र घ्यावे. बारावीनंतर जे. ई. ई.च्या दोन्ही परीक्षांतून मुंबईच्या आय. आय. टी.त एरोस्पेसच्या चार वर्षांच्या बी. टेक.ला प्रवेश मिळतो. तिथे जागा थोड्या. न मिळाली तर हताश होऊ नये. राज्याच्या सी. ई. टी.तून मेकॅनिकलची पदवी घ्यावी आणि 'गेट' परीक्षा देऊन एम. टेक.ला विमानविद्येकडे वळावे. राखीव जागेसाठी जमातीच्या वैधतेचे प्रमाणपत्र लागते. त्याचा अर्ज अकरावीतच करावा; ऐन वेळी धावाधाव नको.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. विमानाची रचना करणारा इंजिनिअर वेगळा आणि त्याची देखभाल करून ते उड्डाणास योग्य असल्याची सही देणारा वेगळा. दुसऱ्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना लागतो. हेही मोठ्या जबाबदारीचे काम आहे. मात्र संस्थेला महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्यापूर्वी तपासावे. आय. टी. आय. झालेल्यांसाठीही वाट आहे. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ पासून आहे. तिथे मिग आणि सुखोई विमाने तयार झाली. अशा कारखान्यांत फिटर, टर्नर यांना शिकाऊ उमेदवार म्हणून घेतात.

पदवीइतकेच अंगचे गुणही हवेत. आकृती वाचता यावी, संगणकाचा प्रोग्रॅम लिहिता यावा, अचूक मोजता यावे. आणि आपली चूक आपणच वेळीच सांगण्याची हिंमत असावी. झाकलेली चूक विमानात दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

"हे खेड्यातल्या पोरांचं काम नव्हे," असे कुणी म्हणेल. डॉ. विष्णु माधव घाटगे १९०८ साली कोल्हापूरकडच्या एका खेड्यात जन्मले. जर्मनीत गटिंगेन येथे प्रांटल यांच्या हाताखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या देखरेखीखाली भारतात आखलेले 'एच. टी. २' हे विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी उडाले, आणि पुढे कितीतरी वैमानिक त्यावर शिकले.

धडगावच्या त्या मुलाने गणित घेतले. पहिल्या चाचणीत गुण कमीच पडले. पण वर्ग सुटल्यावर अडलेले उदाहरण विचारायला तो थांबतो. सुरुवात म्हणतात ती हीच.