भट्टीत नेमकं काय होतं?



मागच्या महिन्यात अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली आणि उठता उठता एकीने विचारलं, "ताई, माझी बहीण नर्मदेच्या पलीकडे दिलीय, आलीराजपूरकडे. ती म्हणते, तिकडे बचत गट मोहाची दारू बनवतो आणि सरकारच परवाना देतं. मोह तर आपल्याकडेही तेवढाच आहे. मग सुरुवात कुठून करायची, तेवढं सांगा ना."

दोघी-तिघी हसल्या. बाकीच्या जमिनीकडे बघत बसल्या. त्या अकरा जणींपैकी सात जणींच्या घरात दारूवरून भांडणं होतात, हे मला वहीत न लिहिताही माहीत आहे. दोघींच्या घरामागे भट्टी लागते, हेही माहीत आहे. मी "पुढच्या वेळी बोलू" म्हणून उठले. पण गाडीत बसल्यावर मनाला लागलं. प्रश्न सरळ होता, मीच टाळला. म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

आधी भट्टीत काय होतं ते समजून घेऊ. भात शिजताना झाकण उचललं की आतल्या बाजूला पाणी जमलेलं दिसतं, आणि ते टपटप खाली पडतं. ते पाणी स्वच्छ असतं. त्यात तांदळाचा पांढरेपणा नसतो, मीठही नसतं. पाण्याची वाफ झाली, ती वर गेली, गार झाकणाला लागून पुन्हा पाणी झाली. याला ऊर्ध्वपातन म्हणतात. शब्द अवघड आहे, पण काम तुम्ही रोज चुलीवर बघता.

दारू गाळताना हेच होतं, फक्त त्याआधी एक पायरी असते. मोहाची फुलं पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत फसफसू लागतात. फुलांमधली साखर खाऊन यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव तिचं अल्कोहोल करतात. याला आपण सडवा म्हणतो. सडव्यात पाणी पुष्कळ आणि अल्कोहोल थोडं. पाणी शंभर अंशांना उकळतं, अल्कोहोल साधारण अठ्ठ्याहत्तर अंशांना. म्हणून तापवल्यावर आधी निघणाऱ्या वाफेत अल्कोहोल जास्त असतं. ती वाफ बांबूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरते आणि दारू होते. जसजसा वेळ जातो तसतशी वाफेत पाण्याची भर पडते आणि धार पातळ होत जाते. 'पहिल्या धारेची' कडक असते ती यामुळे.

आता इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी. पहिल्या धारेची म्हणजे शुद्ध, असं आपल्याकडे पक्कं मानतात. ती कडक असते, हे खरं. पण अठ्ठ्याहत्तर अंशांच्याही आधी उडणारे काही पदार्थ असतात, आणि ते याच पहिल्या धारेत जास्त येतात. म्हणून परवान्याच्या कारखान्यात सुरुवातीचा भाग वेगळा काढतात, पीत नाहीत. आपल्याकडे नेमका तोच भाग पाहुण्याला मानाने देतात.

दुसरी समजूत काडी लावून बघण्याची. निळी ज्योत आली की माल चांगला, असं म्हणतात. ज्योतीवरून एवढंच कळतं की जळणारं काहीतरी त्यात भरपूर आहे. मिथेनॉल नावाचं विषारी अल्कोहोलही तसंच फिकट निळं जळतं. रंगाने, वासाने, चवीने ते ओळखू येत नाही.

या मिथेनॉलबद्दल थोडं थांबून बोलते, कारण माणसं मरतात ती बहुतेक वेळा यामुळे. मोहाच्या किंवा गुळाच्या सडव्यात ते आपोआप फार तयार होत नाही. ते कारखान्यात रंग, रसायनं बनवायला वापरतात, आणि स्वस्त पडतं म्हणून कोणीतरी दारूत मिसळतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली, ती अशाच मिथेनॉलच्या दारूने. प्यायल्यावर लगेच काही वेगळं वाटत नाही. नेहमीसारखीच चढते. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, पोटात दुखतं, उलट्या होतात, दम लागतो आणि डोळ्यांपुढे धुकं येतं. शरीरात मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं, ते डोळ्यांची नस मारतं. घरातलं कोणी "मला पांढरं पांढरं दिसतंय" म्हणालं, तर लिंबू-ताक पाजत बसू नका. त्याच क्षणी १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने मोठ्या दवाखान्यात न्या, आणि काय प्यायलाय ते डॉक्टरांना खरं सांगा. पोलीस केस होईल या भीतीने बायका हेच लपवतात. यावर दवाखान्यात उपचार आहे, पण तासांचा हिशेब असतो.

शिवाय धार लवकर पडावी, कडक लागावी म्हणून सडव्यात नवसागर टाकतात, कोणी युरिया टाकतं. घरामागे फक्त मोहाचीच गाळणारीला ते नको असतं, हेही मी ऐकलं आहे. पण दारू एकदा विकायला लागली की गिऱ्हाईक मागेल तशी ती होते.

आता बहिणीच्या गोष्टीकडे येते. ती खोटं सांगत नव्हती. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' म्हणजे वारशाची दारू म्हणून मान्यता दिली, आणि आलीराजपूर आणि दिंडोरी या जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांना ती बनवायला दिली. पण तिथे गट मडक्यात गाळत नाही. स्टीलचं यंत्र आहे, तापमान मोजतात, माल तपासतात, बाटलीवर लेबल लावून विकतात. त्याशिवाय तिकडे आदिवासी कुटुंबांना घरच्या वापरापुरती, ठरवून दिलेल्या मर्यादेत गाळायची सवलतही आहे.

आपल्याकडे तसं नाही. नदी तीच, मोह तोच, कायदा वेगळा. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहे. विकणं तर आहेच. आणि बऱ्याच जणींना माहीत नसतं ते असं, की दारू गाळण्यासाठी सडवा किंवा भट्टीचं सामान घरात ठेवणं, हाही गुन्हा आहे. धाड पडते तेव्हा नवरा शेतात असतो किंवा पळतो, आणि घरात सापडते ती बाई. गुन्हा तिच्या नावावर लागतो. तारखांना जायचा खर्च मग गटातून कर्ज काढून भागवावा लागतो, अशा दोन नोंदी माझ्याच वह्यांमध्ये आहेत.

त्या ताईला म्हणून माझं उत्तर असं: आज आपल्या गटाने दारूची भट्टी लावू नये. पुढेमागे आपल्या सरकारने परवान्याचा मार्ग काढला, तर बसून बोलू. तेव्हाही मी विचारेन की ही दारू कोणाच्या घरात जाणार? शहरातल्या हॉटेलात, की आपल्याच सात घरांत? पूजेत, लग्नात, पूर्वजांना धार देताना मोहाला जो मान आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो तुमचा आहे आणि माझ्याहून तुम्हाला जास्त कळतो. मी गटाच्या धंद्यापुरतं बोलते आहे.

पण त्या दोघींच्या हातात जे ज्ञान आहे, ते वाया का घालवायचं? जाळ किती ठेवायचा, गार पाणी कधी बदलायचं, धार कधी थांबवायची, हे त्यांना येतं. सुगंधी अर्क काढायला हेच लागतं. उत्तर प्रदेशात कनौजला अत्तर काढतात, त्यांची तांब्याची देग, बांबूची नळी आणि गार पाण्यात बसवलेला भपका चित्रात बघितला, तर तुम्ही म्हणाल, अरे, ही तर आपली भट्टी! फरक इतकाच की देगेत सडवा नसतो, ताजी फुलं आणि पाणी असतं. काही आंबवायचं नाही, त्यामुळे त्यात दारू होत नाही.

आम्ही गवती चहापासून सुरुवात केली, कारण तो बांधावर फुकट येतो आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आदल्या दिवशी कापून सावलीत सुकत ठेवायचा, म्हणजे जास्तीचं पाणी उडतं. दुसऱ्या दिवशी बोट-दोन बोट लांबीचे तुकडे करायचे. मोठं स्टीलचं पातेलं घ्यायचं. ॲल्युमिनियमचं नको, आणि ज्यात कधी औषध किंवा रॉकेल होतं असं तर मुळीच नको. तळाशी चार लिटर पाणी, त्यात तिवई, तिवईवर जाळी, जाळीवर दोन किलो गवत. मधोमध जागा करून एक स्टीलचा वाडगा. वर घुमटाचं झाकण उलटं ठेवायचं, म्हणजे त्याची मूठ बरोबर वाडग्यावर येते. झाकणाच्या खोलगट भागात गार पाणी. खाली मध्यम जाळ. वाफ झाकणाला लागते, मुठीवरून ओघळते, वाडग्यात पडते. वरचं पाणी हाताला कोमट लागलं की काढून गार घालायचं.

दोन गोष्टी जिवावर बेतू शकतात, त्या ऐका. झाकणाच्या कडेला कणीक लावून पातेलं घट्ट बंद करू नका, वर दगडही ठेवू नका. नळीच्या भट्टीत वाफेला जायला नळी असते, इथे नसते. दाब वाढला तर झाकण उडून तोंडावर येईल. आणि तळाचं पाणी संपू देऊ नका. पहिल्या वेळी मी स्वतःच गप्पांत रमले. पाणी आटलं, गवत जळलं, आणि वाडग्यातल्या अर्काला विडीचा वास आला. सगळा ओतून दिला. एक मावशी, जिची घरामागे भट्टी आहे, ती शांतपणे म्हणाली, "ताई, धारेचा आवाज बदलला होता. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल." त्या दिवसापासून चुलीजवळ ती बसते, मी वही लिहिते.

दोन किलोमधून आम्हाला साधारण एक लिटर चांगला अर्क मिळतो. त्यावर तेलाचा तवंग दिसतो, पण तो चमचाभरही नसतो. शंभर किलो ओल्या गवतामागे पाव ते अर्धा किलो तेल, एवढाच त्याचा उतारा. म्हणून तेलाच्या धंद्यात एकदम पडू नका. त्याला मोठं यंत्र आणि एकरांत गवत लागतं. अर्क मात्र घरच्या भांड्यात निघतो. इथे पहिली धारच सगळ्यात सुवासिक असते, ती टाकायची नाही. वास विरळ झाला की थांबायचं. उकळून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटलीत भरून गार जागी ठेवायचा, आणि महिन्याच्या आत संपवायचा. तंतू दिसले किंवा आंबूस वास आला तर फेकायचा. आम्ही तो फरशी पुसायच्या पाण्यात घालायला म्हणून विकतो. प्यायला किंवा तोंडाला लावायला म्हणून विकत नाही. तोंडाला लावायचं म्हणून विकलं की ते सौंदर्यप्रसाधन होतं आणि अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. गुलाबपाणी याच भांड्यात निघतं, पण विकताना हा नियम लक्षात ठेवा.

पैशाचं सांगायचं तर पहिल्या सहा महिन्यांत आमचे बाटल्यांचे आणि भांड्याचे पैसे निघाले, हातात फार काही उरलं नाही. मोहफुलांचं बघाल तर त्याहून बरं पडतं. २०२१ साली राज्य सरकारने फुलं वेचण्या-साठवण्यावरचे निर्बंध बरेच सैल केले आहेत. उन्हाळ्यात व्यापाऱ्याला मिळेल त्या भावाने देण्यापेक्षा गटाने नीट वाळवून पावसाळ्यापर्यंत ठेवली, थोड्यांचे लाडू केले, तर चुलीपुढे बसावंही लागत नाही. पण त्यावर वेगळं बोलावं लागेल.

एक शेवटचं. आमच्या चुलीवर पातेलं चढलं त्याच संध्याकाळी गावात बातमी पसरली की बचत गटाच्या बायकांनी भट्टी लावली. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटील दारात. त्यांना वाडगा हुंगायला दिला, तेव्हा ते हसले, पण हसू आलं नसतं तर पंचाईत होती. म्हणून तुम्ही आधीच एक साधा अर्ज लिहा: आमचा गट गवती चहाचा अर्क काढणार आहे, काही आंबवणार नाही, कोणीही येऊन बघावं. एक प्रत ग्रामपंचायतीला, एक पोलीस ठाण्याला, आणि तारखेचा शिक्का मारलेली पोच गटाच्या फाइलला. ज्या घरात आधी भट्टी लागत होती, तिथलं जुनं भांडं यासाठी वापरू नका, आणि चूल त्या घरी न मांडता समाजमंदिरासमोर, सगळ्यांना दिसेल अशी मांडा.

येत्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता आम्ही पुन्हा पातेलं चढवणार आहोत. ज्यांना बघायचं आहे त्यांनी बुधवारी कापून सावलीत ठेवलेलं दोन किलो गवत आणि एक रिकामी काचेची बाटली घेऊन यावं. आलीराजपूरच्या बहिणीलाही निरोप दिला आहे.