बारावीनंतरची घालमेल

बारावीचा निकाल लागला की डोकेदुखी, पोटदुखी, झोप न येणे अशा तक्रारी घेऊन मुले माझ्याकडे येतात. तपासणीत बहुधा काही सापडत नाही. थोडे बोलते केले की खरे कारण कळते : पुढे काय व्हायचे हे ठरलेले नसते आणि घरात मात्र घाई असते.

सतराव्या-अठराव्या वर्षी व्यवसाय ठरलेला नसणे हा आजार नव्हे. अशा वेळी वाटा खुल्या ठेवणारा, आवडीचा अभ्यासक्रम घ्यावा. केंद्राच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी.नंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम वा बी.एड. करता येते. विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांना कला-वाणिज्याकडे वळता येते. उलट जाणे मात्र अवघड असते.

पालकांनी शेजारच्या मुलाशी तुलना टाळावी. झोप-भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली तर डॉक्टरांना दाखवावे. 'जगून काय उपयोग' अशी भाषा मुलाच्या तोंडी आली, तर एक दिवसही थांबू नये. २०२२ पासून सुरू असलेल्या 'टेली-मानस' या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

अभ्यासक्रम पुढे बदलता येतो. मुलाची प्रकृती आधी सांभाळावी.