कॉपी-पेस्ट न करता निबंध चांगला कसा करायचा? कुरखेड्यातल्या विद्यार्थ्याला मोबाईलवर मिळणारी मदत

'जंगल निबंध मराठी' असं गूगलवर टाकून बघा. पहिल्या पाच-सात पानांवर साधारण एकच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत भेटतं : जंगल हे निसर्गाने मानवाला दिलेलं अनमोल वरदान आहे.

गंमत अशी की, हेच वाक्य गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेड्यात बसून निबंध लिहिणारा विद्यार्थीही उतरवून घेतो. म्हणजे ज्याच्या घरी मोहफूल वाळत घातलेलं असतं, ज्याचे आई-वडील तेंदूपत्ता तोडायला जातात, तो जंगलाबद्दल लिहिताना जंगल कधीच न पाहिलेल्या माणसाचं वाक्य वापरतो.

मग इंटरनेटचा उपयोगच करायचा नाही का? करायचा. पण तयार निबंध शोधायला नाही, तर स्वतःचा निबंध तपासायला. हा फरक नेमका काय आहे, ते पाहू.

निबंधाला एवढं महत्त्व कशाला?

कुरखेड्यात श्री गोविंदराव मुनघाटे कला व विज्ञान महाविद्यालय आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झालं. त्याआधी इथली महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाकडे होती. या भागात अनेक घरांतून कॉलेजात जाणारी ही पहिलीच पिढी आहे. निबंध वाचून दाखवावा, चुका काढून घ्याव्यात असं घरात कोणी नसतं.

दुसरं कारण स्पर्धा परीक्षेचं. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. त्यात निबंधाचा स्वतंत्र पेपर आहे, २५० गुणांचा. यूपीएससीतही निबंधाला २५० गुण आहेत आणि तो मराठीतून लिहिता येतो. पर्यायाला गोल करण्याची सवय तिथे कामाला येत नाही. परीक्षा हॉलमध्ये मोबाईलही नसतो. जे स्वतःला लिहिता येतं, तेवढंच कागदावर उतरतं.

आधी कच्चा मसुदा, मग इंटरनेट

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने १९९४पासून 'ऑनलाइन रायटिंग लॅब' नावाची वेबसाइट चालवली आहे. ती इंग्रजीत आहे, फुकट आहे आणि जगभरातले विद्यार्थी ती वापरतात. तिथली एक शिकवण मराठी निबंधालाही लागू पडते : निबंध दुरुस्त करताना आधी मोठ्या गोष्टी बघा, लहान गोष्टी नंतर.

मोठ्या गोष्टी म्हणजे काय? निबंधाचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं का? प्रत्येक परिच्छेद त्या म्हणण्याला पुढे नेतो का? प्रत्येक दाव्यामागे उदाहरण आहे का? लहान गोष्टी म्हणजे शुद्धलेखन, विरामचिन्हं, शब्दांची निवड. बहुतेक विद्यार्थी उलटं करतात. ऱ्हस्व-दीर्घ तासभर बघतात आणि नंतर लक्षात येतं की अख्खा परिच्छेदच विषयाला सोडून आहे.

त्यामुळे क्रम असा ठेवायचा. मोबाईल बाजूला ठेवून अर्ध्या तासात कच्चा मसुदा लिहायचा. लिहायला हात अडत असेल, तर मोबाईलच्या कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोलायचं, म्हणजे बोललेलं टाइप होतं. त्यात चुका असणारच. पण कोरं पान तरी समोर राहत नाही.

माहिती कुठे तपासायची?

मसुदा तयार झाला की त्यातल्या प्रत्येक नावाखाली, सालाखाली आणि आकड्याखाली रेघ मारायची. तेवढंच इंटरनेटवर तपासायचं.

*मराठी विश्वकोश :* तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेला हा कोश आता पूर्ण ऑनलाइन वाचता येतो. संकल्पना समजून घ्यायला उत्तम. मात्र मूळ खंड जुने आहेत, त्यामुळे लोकसंख्या, उत्पादन असे आकडे तिथून उचलू नयेत.

*विकिपीडिया :* सुरुवात करायला चांगला, शेवट करायला नाही. लेखाच्या तळाशी संदर्भ दिलेले असतात. खरा उपयोग त्यांचा.

*शोधगंगा :* देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध इथे फुकट वाचायला मिळतात, मराठीतलेही. सगळा प्रबंध वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण आणि शेवटचे निष्कर्ष वाचले तरी विषयाच्या दोन्ही बाजू कळतात.

जिथून माहिती घेतली, तिचं नाव निबंधात एका वाक्यात सांगायचं. त्याने निबंध कमी पडत नाही, उलट भक्कम होतो.

शब्द आणि शुद्धलेखन

शब्दांसाठी 'बृहद्कोश' ही वेबसाइट आहे. एक शब्द टाकला की अनेक जुने-नवे मराठी कोश एकाच वेळी शोधले जातात. कायदा, प्रशासन, विज्ञान यांतल्या पारिभाषिक शब्दांसाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत.

शुद्धलेखनाची भीती तर विनाकारण मोठी झाली आहे. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२मध्ये शासनाने मान्य केले, १९७२मध्ये आणखी ४ जोडले गेले. एकूण नियम १८. त्यातले तीन-चार पक्के केले तरी बऱ्याच चुका जातात. उदाहरणार्थ, शब्दाच्या शेवटचा इ-कार किंवा उ-कार सहसा दीर्घ असतो : कवी, गुरू. 'आणि' हा अपवाद. आणि प्रत्यय लागला की आधीचं दीर्घ अक्षर अनेकदा ऱ्हस्व होतं : जमीन पण जमिनीवर, निवडणूक पण निवडणुकीत.

घरची बोली चूक आहे का?

इथे खरी अडचण येते. कुरखेडा परिसरात घराघरांत झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी बोलली जाते. झाडीबोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं, 'डोळा'चा 'डोरा' होतो. मोबाईलचा कीबोर्ड अशा शब्दांखाली लाल रेघ ओढतो आणि मुलांना वाटतं, आपली भाषाच अशुद्ध.

तसं नाही. त्या लाल रेघेचा अर्थ एवढाच की, हा शब्द त्या मोबाईलच्या यादीत नाही. निबंधाचं कथन प्रमाण मराठीत ठेवायचं, कारण परीक्षेची अट ती आहे. पण एखाद्या वस्तूचं, झाडाचं, सणाचं, शेतीतल्या कामाचं इथलं नाव असेल, तर ते तसंच ठेवून पुढे एका वाक्यात अर्थ सांगायचा. परीक्षकाला तो शब्द दुसऱ्या कोणत्याही उत्तरपत्रिकेत मिळणार नाही.

एक परिच्छेद, आधी आणि नंतर

विषय : जंगल आणि माणूस.

आधी : "जंगल हे निसर्गाने दिलेले अनमोल वरदान आहे. जंगलातून फळे, फुले, लाकूड, औषधे मिळतात. म्हणून आपण जंगलाचे रक्षण केले पाहिजे."

नंतर : "मार्च-एप्रिलमध्ये गावातली माणसे पहाटेच मोह वेचायला निघतात. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. शेतात काम नसते त्या दिवसांत घरखर्चाला हाच आधार असतो. म्हणून इथे जंगल वाचवणे म्हणजे केवळ झाडे वाचवणे नव्हे. जंगलावर हक्क कोणाचा, हा पहिला प्रश्न आहे. २००६च्या वनहक्क कायद्याने त्याचे एक उत्तर दिले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला."

दुसऱ्या परिच्छेदात इंटरनेटवरून काय आलं? फक्त कायद्याचं आणि मेंढ्याचं साल. मोह वेचणं, तेंदूपत्ता, घरखर्च हे घरातून आलं. म्हणणंही बदललं. पहिल्यात उपदेश होता, दुसऱ्यात प्रश्न आहे. पुढचा परिच्छेद काय असावा, तेही आता आपोआप सुचतं : हक्क मिळाला म्हणून जंगल टिकतंच का?

आणि एआयचं काय?

चॅटबॉटला 'निबंध लिहून दे' म्हटलं की तो देतो. पण तो पुन्हा तेच 'अनमोल वरदान' देतो, जरा नटवून. शिवाय न घडलेल्या घटना आणि चुकीची सालं तो पूर्ण आत्मविश्वासाने सांगू शकतो.

त्याला दुसरं काम द्यावं. स्वतःचा मसुदा देऊन विचारावं : "या निबंधात कोणता दावा पुराव्याशिवाय केला आहे? माझ्याशी सहमत नसलेला माणूस मला कोणते तीन प्रश्न विचारेल? तू काही लिहू नकोस, फक्त प्रश्न विचार." उत्तरं मात्र स्वतःच लिहायची.

नेटवर्क नसेल तेव्हा?

जंगलातल्या गावांत रेंजचा भरवसा नसतो. म्हणून कॉलेजात किंवा तालुक्याच्या ठिकाणी असताना विश्वकोशातल्या नोंदी, प्रबंधांच्या पीडीएफ आणि शुद्धलेखनाचे नियम उतरवून ठेवावेत. गावी गेल्यावर लिहायला निवांत वेळ मिळतो.

आणि एका तपासणीला तर इंटरनेट लागतच नाही. निबंध मोठ्याने वाचून दाखवायचा, मित्राला, बहिणीला, आईला. ऐकणाऱ्याने जिथे "म्हणजे काय?" असं विचारलं, तिथे खूण करायची. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.